सात किलोचं कॅरेज, चाळीस लिटरचा कॅन

मोटरसायकल कारखान्यातून बाहेर पडते ती दोन माणसांच्या हिशेबानं. शहागडात तिच्यावर बहुतेक वेळा माणूस एकच असतो. दुसऱ्याच्या जागी फवारणीचा पंप, मोसंबीचे क्रेट नाहीतर दुधाचे कॅन असतात. गोदावरीच्या डाव्या तीरावरचं हे गाव अंबड तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेला. पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. पूर्वी 211 नंबरचा आणि आता 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. तो चौपदरी झाला, गुळगुळीत झाला. पण दूध काही हायवेवर निघत नाही. ते वाड्या-वस्त्यांवर निघतं. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या त्या रस्त्यांना अशा चाकोऱ्या पाडतात की रिकाम्या गाडीचाही तोल जावा.

म्हणून इथं दुधाचं कॅरेज विकत आणत नाहीत, बनवून घेतात. फाट्याजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात असं एक कॅरेज बनत असताना झालेला हा वाद. एका बाजूला दुकानाचे मालक, साठीकडे झुकलेले मिस्त्री. दुसऱ्या बाजूला त्यांचा सख्खा भाचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलेला आणि सुट्टीला मामाकडे आलेला. बोलणं तुकड्यातुकड्यानं झालं, मध्ये गिऱ्हाइकं आली, दोनदा लाइट गेली. मी ते सलग मांडलं आहे. गाडी स्प्लेंडर, गिऱ्हाईक दूधवाला, माल चाळीस लिटरचे दोन कॅन.

भाचा : मामा, एवढी मरमर कशाला? जालन्यात, संभाजीनगरात तयार कॅरेज मिळतात. चार बोल्ट आवळले की काम झालं.

मामा : कुनाच्या गाडीचं? कुनाच्या कॅनचं?

भाचा : सगळ्या गाड्यांना बसतं.

मामा : सगळ्यांना बसतं त्ये कुनालाच नीट बसत न्हाई.

भाचा : बरं, मग कंपनीचं घ्या. बजाजनं 2021 मध्ये सीटी 110 एक्स काढली, तिला मागं कॅरेज कंपनीतूनच येतं.

मामा : किती पेलतं?

भाचा : सात किलो.

मामा : सात किलो म्हंजी पावनेसात लिटर दूध. त्येबी कॅनचं वजन सोडून. एक बरी म्हैस दोन टायमाला त्याहून जास्त देती, लेका. तुमच्या साहेबांनी म्हैस बघितली हाय का कधी?

भाचा : साहेबांनी म्हैस बघितली नसेल, पण ती गाडी कोण कोण घेणार ते त्यांनी बघितलंय. एकच गाडी शहागडचा माणूस घेतो आणि पुण्यातला पोरगाही घेतो. कोण कुठल्या खड्ड्यात घालेल सांगता येत नाही. उद्या कॅरेज तुटून कुणी पडलं तर जबाब कंपनीला द्यायचा असतो. म्हणून आकडा असा लिहायचा की सगळ्यात वेंधळ्या माणसाच्या हातातही तो खोटा ठरू नये.

मामा : म्हंजी कंपनी वेंधळ्यासाठी गाडी बनवती. मी ह्या एका मान्सासाठी बनवतो. त्यो कुठल्या वाडीवर जातो, कुठं वळतो, गाडी कशी लावतो, सगळं मला ठाव हाय.

या मुद्द्यावर मला मिस्त्रींच्या बाजूनं थोडं बोलायचं आहे. आपल्याकडे मोटरसायकल ओझ्याला जुंपली गेली ती काही काल-परवा नव्हे. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं बनवलेली राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांची गाडी झाली. नंतर बजाजची एम 80 आली, मग शंभर सीसीच्या गाड्या. कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. याच बजाजची बॉक्सर आफ्रिकेत जाते तेव्हा तिच्या मागे भलंथोरलं लोखंडी कॅरेज असतं, कारण तिथं ती गाडी भाड्याची टॅक्सी म्हणूनच विकली जाते. 2016 ची रॉयल एनफिल्डची हिमालयन बघा. डोंगरात हौसेनं फिरायला जाणाऱ्यासाठी तिला मागचं रॅक आणि पेट्रोलचे डबे अडकवायच्या जागा कारखान्यातूनच दिल्या. हौसेचं ओझं कारखान्याला दिसतं. पोटापाण्याचं ओझं मात्र फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे सोपवलेलं असतं. भाच्याला हे पटलं नाही. तो खिशातून पेन काढून पत्र्याच्या तुकड्यावर आकडे मांडायला लागला होता.

भाचा : एकाच माणसासाठी बनवा, पण वजन तर मोजाल? दूध लिटरला 1.03 किलो. चाळीस लिटर म्हणजे 41 किलोच्या वर. रिकामा कॅन सहा-सात किलो. दोन कॅन मिळून 95 झाले. दूधवाला 65 चा धरू. तुमचं कॅरेज नऊ किलोच्या खाली जाणार नाही. झाले 169. स्प्लेंडरच्या मॅन्युअलमध्ये चालवणाऱ्यासकट 130 किलो दिलेत. सरळ 39 किलो जास्त.

मामा : लग्नसराईत स्प्लेंडरवर तिघं बसत्यात. तवा कुटं जातंय मॅन्युअल?

भाचा : तिघं कायद्यानं बसायचेच नाहीत. आणि माणूस खड्डा दिसला की ढुंगण उचलतो, वळणावर कलतो. कॅन नाही कलत. शिवाय मागचा माणूस मागच्या चाकाच्या पुढं बसतो. कॅन कुठं लावणार तुम्ही?

मामा : चाकाच्या दोन्ही अंगाला.

भाचा : आसाच्या पुढं का मागं? त्यावरच सगळं आहे. स्प्लेंडरच्या दोन चाकांतलं अंतर 1236 मिलिमीटर. 95 किलोचं ओझं मागच्या आसाच्या मागं वीस सेंटिमीटर गेलं, तर पुढच्या चाकावरचं पंधरा किलो वजन उचललं जातं. मागच्या टायरवर 95 ऐवजी 110 पडतात.

मामा : त्ये पंधरा किलोचं मला म्हाईत न्हवतं. पन हँडल हलकं पडतं, गाडी पुढून भिरभिरती, हे म्हाईत हाय. म्हनून तर मी कॅनचा मध्य आसाच्या पुढं घेतो, मागच्या फूटरेस्टाकडं. लमानांचे बैल मीठ आन् धान्य घेऊन ह्या सगळ्या मुलखातून जायचे. गोनी कुटं टाकायचे? पाठीच्या मधी, दोन्ही अंगाला सारखी. शेपटीवर न्हाई टाकायचे.

भाचा : बैलाला चार पाय असतात मामा.

मामा : व्हय, आन् बैल सोताहून उभा ऱ्हातो. गाडीला दोनच चाकं, म्हनून उभी करायचीबी रीत लागती. सांग बरं, साइड स्टँडला गाडी लावली. दोन कॅन चढवायचे. आधी कुनीकडचा?

भाचा : कुठलाही.

मामा : इथंच तुमचा डिप्लोमा संपला. स्टँड डावीकडं, गाडी डावीकडं कललेली. आधी डावा चढवायचा, म्हंजी गाडी स्टँडवर बसती. आधी उजवा अडकवला तर गाडी उभी व्हती आन् उजवीकडं उलथती. उतरवताना उलटं, आधी उजवा. आता डेरीच्या दारात कुनीकडं तोंड करून गाडी लावतो ह्यो गडी? उजवी बाजू ओट्याला येती का डावी? त्यावर हूक कुनीकडून उघडायचा त्ये ठरतं. तुमच्या कंपनीला ह्ये कुनी सांगायचं?

भाचा गप्प झाला, पण फार वेळ नाही. मिस्त्रींनी तोवर जमिनीत रोवलेल्या एका सांगाड्यावरची धूळ फडक्यानं झटकली. तो भंगारात काढलेल्या स्प्लेंडरचा मागचा अर्धा भाग होता: चेसी, मागचा चिमटा, दोन्ही शॉकअप, एक गंजका सायलेन्सर. इंजिन नाही, सीट नाही. कॅरेजचं माप ते यावरच घेतात. गिऱ्हाइकाची गाडी फक्त शेवटी, कॅरेज बसवायला लागते. वेल्डिंगचा टाका थंड होताना लोखंड आकसतं आणि पट्टी ओढली जाते. सकाळी बरोबर जुळलेली भोकं दुपारी दोन सूत सरकलेली असतात. म्हणून सगळं आधी या सांगाड्याला बोल्टनं आवळायचं, मग चार कोपऱ्यांना नुसते टाके, मग एक टाका डावीकडे आणि त्याच्या तिरप्या समोर दुसरा उजवीकडे, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्ट सोडायचे नाहीत. भाच्याच्या कारखान्यात अशा सांगाड्याला जिग म्हणतात, आणि तो बनवायला वेगळा विभाग असतो.

भाचा : हे मात्र चांगलं केलंत. पूर्वी तुम्ही गाडीवरच वेल्डिंग मारायचात.

मामा : मारायचो. बॅटरीची वायर काढायची आन् मारायचं. आता गाड्यांत कंप्युटर आला.

भाचा : एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं, कार्ब्युरेटर गेलं, फ्युएल इंजेक्शनची ईसीयू आली. वेल्डिंगचा करंट चुकीच्या वाटेनं गेला तर ती जाते. आणि अर्थिंगचा चिमटा पुढच्या चाकाला आणि टाका मागं, असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो. बेअरिंगच्या गोळ्यांना बारीक खड्डे पडतात. महिन्याभरानं गाडी घरघरते आणि कुणाला कळत नाही कशानं.

मामा : कळत न्हाई कसं? माझ्याकडंच येत्यात.

मग लोखंडावरून जुंपली. आणि जालना जिल्ह्यात लोखंडावरून वाद व्हायचा म्हणजे घरच्याच गोष्टीवरून. जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. घराच्या स्लॅबला लागणारी टीएमटी सळई तिथून महाराष्ट्रभर जाते. त्यामुळे इथल्या प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात कोपऱ्यात सळईचे उरलेले तुकडे असतात, आणि स्वस्तातलं कॅरेज त्यातूनच बनतं.

भाचा : ही सळई नका वापरू. टीएमटी म्हणजे लालभडक सळईवर जोरात पाणी मारून बाहेरचं कवच कडक केलेलं असतं, आतला गाभा मऊ राहतो. सगळी ताकद त्या कवचात. तिथं वेल्डिंगचा जाळ लागला की कवच पुन्हा मऊ पडतं. म्हणजे नेमकं सांध्याजवळ कमजोर. शिवाय त्या धारा सिमेंटनं पकडाव्यात म्हणून असतात. कॅनला त्या नुसत्या घासतात.

मामा : त्ये मी मानतो. साधा गोल गज घेऊ, बारा एमएम.

भाचा : पाइप का नाही?

मामा : पाइप पोकळ असतो म्हनून.

भाचा : पोकळ म्हणूनच तर घ्यायचा! बारा एमएम गजाचं वजन तुम्हाला तोंडपाठ आहे.

मामा : बाराला बारानं गुन, एकशे बासष्टनं भाग. मीटरला आठशे नव्वद ग्राम.

भाचा : बरोबर. आता एकोणीस एमएमचा सोळा गेजचा पाइप घ्या. मीटरला 690 ग्रॅमच्या आत. वजन गजाच्या पाऊणपट, आणि वाकायला विरोध तिप्पटीहून जास्त. लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितकं ते वाकायला जास्त अडवतं. गजाच्या पोटातलं लोखंड नुसतं बसून खातं.

मामा : हिशोब तुझा बरोबर असंल. आता माझा आयक. दूधवाला रोज कॅन धुतो, पानी सांडतं, दूध सांडतं. पाइपाचं तोंड उघडं ऱ्हायलं की त्ये आत जातं. गज भायेरून गंजतो, मला दिसतो, मी सांगतो बाबा रंग मार. पाइप आतून गंजतो. वरून रंग चकाचक, आन् एक दिवस मोडतो. दुसरं, सोळा गेजला दहा नंबरची काडी लावली की भोक पडतं. बारा नंबरची काडी, करंट कमी, आन् हात हलका पाहिजे. त्यो माझा हाय. पन हे कॅरेज दोन वर्सांनी कुटं मोडलं, तर गेवराईच्या बाजारात बसलेला कुनीबी पोरगा त्येला टाका मारनार. गजाला त्यो कसाबी मारंल, चालंल. पाइपाला भोक पाडंल.

आता याला भाच्याजवळ उत्तर नव्हतं आणि खरं म्हणजे असायचं कारणही नव्हतं, कारण हा प्रश्न पुस्तकात येतच नाही. वस्तू बनवताना तिची पहिली ताकद मोजतात. ती मोडल्यावर कुणाच्या हातात जाईल हे मिस्त्रींसारखी माणसंच मोजतात. शेवटी तडजोड झाली ती मला पसंत पडली. मुख्य चौकट पाइपाची, दोन्ही तोंडं पत्र्याच्या चकत्या लावून बंद. कॅन ज्यात बसतो ती कडी गजाची, कारण आपटतं, घासतं आणि मोडतं तेच. कडीच्या आत मोटारीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा, म्हणजे धातूवर धातू वाजत नाही. पाइप वाकवताना मिस्त्री त्यात चाळलेली कोरडी वाळू ठासून भरतात, दोन्हीकडून लाकडी गुटके ठोकतात. नाहीतर वाकाच्या आतल्या अंगाला पाइप चेपतो आणि पुढं तिथूनच मोडतो. वाळू अर्थात गोदावरीची. नदीची वाळू इथं कुणी कुणी कशाकशाला वापरतं त्याचा विषय न काढलेला बरा.

उजवी बाजू डावीसारखी करता येत नाही, कारण तिथं सायलेन्सर. कॅन सायलेन्सरजवळ गेला तर दूध तापतं आणि डेअरीत पोचेपर्यंत नासायला टेकतं. म्हणून उजवी कडी चार बोटं वर आणि मध्ये पत्रा, पत्रा आणि कॅन यांच्यात हवा खेळती. दोन्ही बाजू समान हव्यात म्हणणारा भाचा इथं आधी खट्टू झाला, मग स्वतःच पत्रा कापायला बसला.

खरी लढाई पुढं होती. कॅरेज गाडीला धरायचं कसं?

मामा : चेसीला चार टाके. एकजीव. जन्मात हलनार न्हाई.

भाचा : चेसीला हात लावायचा नाही.

मामा : बोल्ट ढिले व्हत्यात.

भाचा : नायलॉनचे नट लावा, नाहीतर दोन नट एकावर एक. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असेल तेच घ्या.

मामा : त्येचा अर्थ काय? दुकानदार मला कोनताबी देतो.

भाचा : पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत ताणला तरी परत जागेवर येतो. डोक्यावर काही कोरलेलं नसेल तर तो पत्र्याच्या शेडला वापरा. आता चेसीचं ऐका. चेसीचा पाइप पातळ. टाका मारला की त्याच्या कडेचं लोखंड बदलतं. ओझं रोज वर-खाली नाचतं आणि तडा बरोबर टाक्याच्या कडेला सुरू होतो. कॅरेज तुमचं भक्कम, गजाचं. मग मोडेल काय? चेसी.

मामा : मोडू कामून द्यायचं? मी भक्कमच करतो की.

भाचा : काहीतरी मोडणारच आहे. ते काय असावं, एवढंच आपण ठरवायचं. शॉकअपच्या वरच्या बोल्टाला एक पट्टी, फूटरेस्टच्या ब्रॅकेटला दुसरी. ह्या पट्ट्या पंचवीस बाय पाचच्या, मुद्दाम चौकटीपेक्षा कमजोर. गाडी खड्ड्यात बदकन आदळली तर पट्टी वाकेल. पट्टी वाकली की कॅन लोंबकळेल, दूधवाला थांबेल, शिव्या देईल, तुमच्याकडे येईल. चेसी मोडली तर तो थांबायला उरणार नाही.

मामा : मी बनवलेली चीज मीच मुद्दाम कच्ची ठेवू?

हा प्रश्न मिस्त्रींनी रागानं विचारला, आणि मला तो राग समजतो. आयुष्यभर ज्यानं गिऱ्हाइकाला ‘हलणार नाही’ असा शब्द दिला, त्याला ‘इथं आधी मोडेल’ असा शब्द द्यायला सांगणं सोपं नाही. पण या एका मुद्द्यावर भाचाच बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा मिस्त्रींच्याच दुकानात होता. कोपऱ्यातल्या तेलाच्या जुन्या पिंपात ते दुरुस्तीला आलेल्या कॅरेजचे मोडके तुकडे टाकतात. भाच्यानं पिंप आडवं केलं. एकेक तुकडा हातात घेतला की दिसतं, मोड बहुतेक टाक्यात नसते, टाक्याला लागून असते. एका तुकड्यावर रंगाच्या खाली केसाएवढी तांबूस रेघ होती, सांध्यापासून निघून पट्टीच्या अर्ध्यावर आलेली.

मामा : ही रेघ मी वळखतो. रंगातून गंज अशी रेघ काढायला लागला की समजायचं, आत चीर गेली. गिऱ्हाइकाला सांगतो, आता आन, नंतर आनू नको.

भाचा : मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. आमच्याकडे मशीनवर पार्ट लाखो वेळा हलवून बघतात, चीर कुठं पडते ते. तुमची मशीन म्हणजे हे पिंप.

मामा : मी तर कॅरेजवर उभा ऱ्हाऊन उड्या मारून बघतो.

भाचा : उडीनं एकदाच कळतं. चीर पडते ती बारीक बारीक धक्क्यांनी. तुमच्या उडीत पास झालेलेच सगळे ह्या पिंपात आहेत.

मिस्त्रींनी पट्ट्या कापल्या. भोकं मात्र त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लांबट केली. भाच्याच्या मते भोक गोल आणि नेमकं हवं. मामांच्या मते प्रत्येक स्प्लेंडर कुठं ना कुठं एकदा तरी आपटलेली असते, आणि आपटलेल्या गाडीला नेमकं भोक बसत नाही.

कायद्याचं बोलणं थोडक्यात झालं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात गाडीच्या बांधणीत फेरफार करायला मनाई आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ बांधणी बदलता येत नाही असा निकाल दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एकेका फेरफाराला पाच हजारांचा दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंतची कैद ठेवली. भाच्यानं हे सगळं सांगितलं.

मामा : 52 नंबरच्या हायवेवर 52 वं कलम. बरं जमवलंय सरकारनी.

भाचा : परवानगीही आहे की. 2020 मध्ये नियम आला. मोटरसायकलवर हलकी पेटी लावता येते: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटरपर्यंत. मागच्या माणसाच्या जागी लावली तर दुसरा माणूस बसवायचा नाही.

मामा : पिझ्झावाल्याची पेटी.

भाचा : जवळजवळ.

मामा : चाळीसचा एक कॅन फूटभराहून रुंद. दोन्ही अंगाला दोन. हँडलच्याबी भायेर जात्यात.

भाचा : म्हणूनच तर म्हणतो, वीस लिटरचे दोन घ्या. दूध, कॅन, माणूस, कॅरेज सगळं मिळून सव्वाशेच्या आत बसतं. आणि बोल्टवर लावलं तर काढता येतं. कुणी विचारलं तर निदान बोलायला जागा राहते.

मामा : म्हंजी रोज दोन खेपा. पेट्रोल शंभरीपार. दुधाचे पैसे फॅटवर मिळत्यात, पेट्रोलवर न्हाई. आन् दुसऱ्या खेपेला डेरी बंद.

नियम पिझ्झाच्या मापाचा आणि दूध नियमात बसत नाही, हे भाच्यानंही नाकारलं नाही. गाडीवर चालणाऱ्या या एवढ्या मोठ्या धंद्यासाठी एक साधं, मान्यताप्राप्त कॅरेज कुणी काढू नये याचं मला आश्चर्य वाटतं. ते वाळूजलाच निघू शकेल. शहागडहून ते काही परदेश नाही.

मध्येच भाच्यानं जपानचा विषय काढला आणि मामांचे डोळे पहिल्यांदा चमकले. तिथं रश्शातल्या शेवया घरपोच देतात. पूर्वी पोरं सायकलवर एका खांद्यावर वाडग्यांची चवड घेऊन जायची. महायुद्धानंतर कुणा दुकानदारानं गाडीच्या कॅरेजवर एक सांगाडा बसवला: वर हवेची स्प्रिंग, तिला लोंबकळणारं तबक. गाडी खड्ड्यात जाते, वळणावर कलते, तबक आपलं सरळच. होंडाच्या कब गाडीवर असे सांगाडे लावलेले टोकियोच्या गल्ल्यांतून सर्रास दिसायचे.

मामा : रस्सा सांडत न्हाई?

भाचा : नाही.

मामा : मंग दूध हिंदकळायचं न्हाई. अर्ध्या कॅनचं दूध लई हिंदकळतं, झाकनाला लोनी चिकटतं. तेवढंच फॅट कमी लागतं. स्प्रिंग कशी असती, काढून दाखव.

भाच्यानं पत्र्यावर आकृती काढली. मामांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, वाडग्याला जमंल, कॅनला न्हाई. चाळीस किलो लोंबकळायला लागलं तर वळनावर गाडीलाच ओढून नेईल. भाचा म्हणाला, बरोबर. त्या दिवशी त्या दोघांचं पहिल्या दमात एकमत झालेली ही एकच गोष्ट. तो पत्रा मात्र मामांनी भंगारात टाकला नाही, भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

संध्याकाळी कॅरेजला रेडऑक्साइडचा हात बसला. वरचा काळा रंग दुसऱ्या दिवशी. तेवढ्यात भाच्यानं नवी टूम काढली.

भाचा : कडीवर पांढऱ्या रंगानं लिहू, ‘वजन 60 किलो’.

मामा : कशापायी?

भाचा : म्हणजे उद्या काही झालं तर तुम्ही सांगितलं होतं असं होईल.

मामा : मी 60 लिहिनार आन् त्यो माझ्यासमोर 95 चढवनार. मंग माझ्या लिहिन्याला काय किंमत? एक तर मी 95 पेलंल असं बनवावं, न्हाईतर त्येला वापस पाठवावं. लिहून हात झटकायचे, ह्ये कंपनीचं काम.

भाचा : आणि 95 पेलेल असं बनवलंत तर तो 120 चढवेल.

मामा : चढवंल.

भाचा : मग?

याचं उत्तर यायच्या आत दूधवाला आला. त्यानं कड्या हलवून पाहिल्या, उजवीकडचा पत्रा वाजवला, डाव्या हुकाची उघडझाप केली आणि खूश झाला. मग म्हणाला, ‘मिस्त्री, वर दोन आडव्या पट्ट्या टाका की. येताना कॅन मोकळे असत्यात, पेंडीचं पोतं आनावं लागतं.’

भाच्यानं कपाळाला हात लावला. पन्नास किलो, तेही सगळ्यात उंच जागी. दिवसभराच्या हिशेबात परतीची खेप कुणीच धरली नव्हती, मामांनीसुद्धा. मामांनी टेप काढला आणि पोत्याची रुंदी विचारली. भाचा म्हणाला, ‘थांबा, आधी पोतं पुढं किती सरकवता येतं ते बघू, सीटवर.’ मग दोघंही त्या गंजक्या सांगाड्यापाशी जाऊन उकिडवे बसले, आणि दूधवाल्याला सांगण्यात आलं की गाडी आज मिळणार नाही.